कमी दिवसांच्या बाळाची डोळ्यांची तपासणी: तारीख काढण्यापासून उपचारापर्यंत, क्रमाने

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत आता हजार-बाराशे ग्रॅमची बाळंही वाचतात आणि धडधाकट घरी जातात. त्यातलंच एखादं बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की आई दवाखान्यात येऊन सांगते, "बाळ नजर देत नाही." तोवर डोळ्याचा पडदा सुटलेला असतो आणि डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. या आजाराला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. अशा घरांची हकिकत विचारली तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट चुकलेली सापडते, ती म्हणजे पहिल्या तपासणीची तारीख. कुणी ती डिस्चार्जपासून मोजली, कुणी वजन दोन किलो व्हायची वाट पाहिली, कुणी सव्वा महिना उलटू दे म्हणून थांबलं.

हा लेख अशा बाळाच्या आईवडिलांसाठी आहे, आजी-आत्यांसाठी आहे आणि तालुक्याच्या नर्सिंग होममधल्या सिस्टरसाठीही आहे.

एवढं आधी समजून घ्या. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मधून वाढायला लागतात आणि पडद्याच्या कडेला पोहोचायला जवळजवळ चाळिसावा आठवडा उजाडतो. बाळ आधीच जन्मलं की ही वाढ अर्धवट राहते. पुढे उपाशी राहिलेला तो कडेचा भाग नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडद्याला ओढतात. हे सगळं जन्मानंतरच्या काही आठवड्यांत घडतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही.

## टप्पा १ : आपलं बाळ तपासणीत बसतं का?

दोन आकडे शोधा: जन्माच्या वेळचं वजन आणि जन्माच्या वेळी भरलेले आठवडे. दोन्ही डिस्चार्ज कार्डावर असतात. तिथे नसतील तर बाळंतपणाच्या कागदांत बघा.

भारतात खालीलपैकी एक गोष्ट लागू पडली तरी तपासणी करायची असते:

- जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी
- जन्म ३४ आठवड्यांच्या आत
- जन्म ३४ ते ३६ आठवड्यांचा, पण बाळाला ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला, रक्त चढवावं लागलं, जंतुसंसर्ग झाला, श्वास मध्येच थांबत होता, किंवा वजन वाढतच नव्हतं

मोबाईलवर शोधलं तर १५०० ग्रॅम आणि ३० आठवडे असा आकडा दिसेल. तो अमेरिकेचा आहे. ब्रिटनची मर्यादाही त्याच्याच आसपास आहे. आपल्याकडे आणि आशियातल्या बऱ्याच देशांत त्याहून मोठ्या, सोळाशे-अठराशे ग्रॅमच्या बाळांनाही गंभीर आरओपी होतो, म्हणून आपली मर्यादा मुद्दाम मोठी ठेवली आहे. "आमचं बाळ तर पावणेदोन किलोचं होतं" म्हणून सुटका करून घेऊ नका.

इथे होणाऱ्या चुका:

आजचं वजन धरणं. बाळ आज अडीच किलोचं असेल, आनंदच आहे. पण नियम जन्माच्या वजनाचा आहे.

महिन्यांत मोजणं. "आठव्यातलं आहे" या उत्तराने काहीच ठरत नाही. आठवा महिना चौतीस आठवड्यांच्या अलीकडेही असू शकतो आणि पलीकडेही. शेवटच्या पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी काढून डॉक्टरांकडून आठवडे लिहून घ्या. दोन्ही नसेल तर जन्मवजनावर जा, आणि शंका असेल तर तपासून घ्या.

जुळ्यांपैकी एकच आणणं. बारीक आहे त्याला आणतात आणि दुसऱ्याला आजीपाशी ठेवतात. दोन्ही बाळं आणायची. मोठ्याला आजार जास्त आणि धाकट्याला कमी, असंही होतं.

## टप्पा २ : तारीख काढा आणि लिहून ठेवा

नियम साधा आहे. जन्मानंतर चार आठवडे पूर्ण होताना पहिली तपासणी, आणि काही झालं तरी तिसावा दिवस ओलांडायचा नाही. बाळ २८ आठवड्यांच्या आतलं असेल किंवा जन्मवजन १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. अशा बाळांत हा आजार लवकर आणि जोरात येऊ शकतो.

उदाहरणं घेऊ.

पहिलं बाळ: जन्म ५ नोव्हेंबर, ३० आठवडे, १३०० ग्रॅम. चार आठवडे पूर्ण होतात ३ डिसेंबरला. जन्माचा दिवस पहिला धरला तर तिसावा दिवस ४ डिसेंबर. बाळ २८ नोव्हेंबरला घरी गेलं तरी तारीख तीच. डिस्चार्जपासून महिना मोजलात तर २८ डिसेंबर येईल, आणि मधले साडेतीन आठवडे म्हणजेच आजार वाढायचा काळ.

दुसरं बाळ: जन्म १० जानेवारी, २७ आठवडे, ९५० ग्रॅम. तपासणी २४ ते ३१ जानेवारीच्या दरम्यान. तेव्हा हे बाळ बहुधा पेटीतच असेल. म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) येऊन बाळ तपासायचं. बाळ घरी गेल्यावर बघू, असं चालत नाही.

आता सव्वा महिन्याबद्दल. बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, ही आपल्याकडची रीत आईच्या विश्रांतीसाठी चांगलीच आहे. पण तिसावा दिवस नेमका त्या सव्वा महिन्यात येतो. त्यामुळे घरात कुणी अडवलं तर वाद घालत बसू नका. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेली तारीख आजीला दाखवा, बाळाला गुंडाळून न्या, तपासा आणि घरी आणून पुन्हा विश्रांती द्या. बहुतेक आज्या कागद आणि कारण दोन्ही समोर ठेवलं की स्वतःच बरोबर निघतात.

तपासा: आशाताई नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. २१ व्या दिवशी आल्या की त्यांना ही तारीख दाखवा. २८ व्या दिवसापर्यंत तपासणीची वेळ ठरलेली नसेल तर त्यांच्याकडूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावून घ्या.

## टप्पा ३ : पेटीत असतानाची काळजी

हा भाग मुख्यतः सिस्टर आणि डॉक्टरांसाठी, पण आईवडिलांनाही माहीत असावा. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला मात्रा असते. कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतात. मॉनिटरवर ९९-१०० दिसलं की नातेवाईकांना बरं वाटतं, पण ऑक्सिजन चालू असताना तो आकडा सतत तिथे राहणं डोळ्यांसाठी वाईट. ऑक्सिजन न लावता, साध्या हवेवर ९८ दिसत असेल तर काही बिघडत नाही.

अलार्मच्या दोन्ही मर्यादा लावलेल्या हव्यात. खालचीच लावून वरची बंद ठेवणं ही रोजची चूक आहे. ब्लेंडर (ऑक्सिजनमध्ये साधी हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर शुद्ध ऑक्सिजन किती वेळ जातोय याची नोंद ठेवा. बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवताना गाडीतही पल्स ऑक्सिमीटर लागलेला असू द्या.

सावधान: हे वाचून आईवडिलांनी "ऑक्सिजन काढा" असा आग्रह धरू नये. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला आणि जिवाला धोका आहे. विचारायचंच तर इतकं विचारा: "सॅच्युरेशन किती ठेवताय?"

आईचं दूध, कांगारू पद्धतीने छातीशी धरणं, हात स्वच्छ धुणं आणि वजन नीट वाढणं, यांनीही आजाराचा धोका कमी होतो. हे आईच्या हातात आहे.

## टप्पा ४ : डिस्चार्जच्या दिवशी या गोष्टी घेतल्याशिवाय निघू नका

बिल, औषधं, गाडी, सासरचे की माहेरचे, या गडबडीत डोळ्यांचा विषय दोन शब्दांत उरकतो: "डोळे दाखवून घ्या." एवढ्यावर निघू नका. कार्डावर हे लिहून घ्या:

- जन्मवजन आणि जन्माचे आठवडे
- डोळ्यांची तपासणी झाली का, कधी, काय आढळलं
- पुढच्या तपासणीची तारीख, ठिकाण आणि डॉक्टर
- ऑक्सिजन किती दिवस होता, रक्त चढवलं का

दवाखान्याला दोन फोन नंबर द्या आणि त्यातला एक माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, फाइलवर पत्ता सासरचा असतो आणि नंबर नवऱ्याचा. तो कारखान्यावर किंवा पुण्यात कामाला. दवाखान्यातून फोन येतो, उचलला जात नाही, आणि बाळ बार्शीत किंवा अक्कलकोटला आजोळी असतं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर मुकादमाचा नंबरही देऊन ठेवा आणि कोणत्या भागात जाणार तेही सांगा, म्हणजे जवळच्या शहरातलं ठिकाण सुचवता येईल.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी हे हलक्यात घेऊ नये. चेन्नईतल्या एका प्रकरणात कमी दिवसांच्या बाळाची आरओपीची तपासणी झाली नाही आणि पालकांना तसं सांगितलंही गेलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. कार्डावर लिहा, पालकांना वाचून दाखवा, त्यांची सही घ्या. सोलापुरात कानडी आणि तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ आहेत. मराठीत भरभर सांगितलेलं त्या आईला कळलं का, हे तिच्याच तोंडून वदवून घ्या.

## टप्पा ५ : कुठे जायचं ते आधी फोन करून ठरवा

डोळ्यांचा प्रत्येक डॉक्टर ही तपासणी करत नाही. लागतो तो रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर, किंवा आरओपीचं खास शिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ. फोनवर थेट विचारा: "कमी दिवसांच्या बाळाची आरओपी तपासणी करता का? कोणत्या वारी? थेंब घालायला किती वाजता यायचं?"

सरकारी वाटेने जायचं तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, नवजात विभागात आणि नेत्र विभागात चौकशी करा. आरओपी हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतला आजार आहे, त्यामुळे त्या कार्यक्रमाच्या पथकाला किंवा जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राला (लहान मुलांचे आजार लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) विचारायचा तुम्हाला हक्क आहे. वर्षाच्या आतलं बाळ आजारी असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत आहे. १०२ वर विचारा.

सावधान: टॉर्च मारून "डोळे चांगले आहेत" असं कुणी सांगितलं तर ती तपासणी झाली असं धरू नका. बाहुली थेंबांनी मोठी करून, पडदा अगदी कडेपर्यंत बघितला तरच ती आरओपी तपासणी.

## टप्पा ६ : तपासणीच्या दिवसाची तयारी

काजळ नको. आदल्या दिवसापासून तर नाहीच. खरं तर कधीच नको. डोळ्यात दूध, मध, तूप, गुलाबपाणी यांतलंही काही घालू नका.

दूध कधी पाजायचं. तपासणीच्या आधी साधारण तासभर पोट रिकामं ठेवा, नाहीतर रडताना उलटी होऊन दूध श्वासात जाऊ शकतं. पण सकाळपासून उपाशी ठेवणंही तितकंच चुकीचं, इतक्या लहान बाळाची साखर उतरते. किती वाजता नंबर लागेल ते विचारून घ्या आणि त्यावरून मागे मोजा. तपासणी संपल्यावर लगेच पाजायचं आहे, म्हणून आई बरोबर हवीच. वाटी-चमच्याने पाजत असाल तर काढलेलं दूध झाकण लावून न्या.

बरोबर काय घ्यायचं. फाइल, डिस्चार्ज कार्ड, आधीचे डोळ्यांचे रिपोर्ट, टोपी, मोजे, एक जादा दुपटं, लंगोट. आणि आईखेरीज आणखी एक माणूस.

प्रवास. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. पहाटे निघा. दुपारी बंद गाडीत, तीन कपड्यांत गुंडाळलेलं बाळ तापतं. थंडीत उलट काळजी: टोपी आणि मोजे काढू नका. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरच्या बाजूने येणाऱ्यांनी रस्त्याची चौकशी करून, गरज पडली तर आदल्या दिवशीच सोलापुरात नातेवाइकांकडे मुक्कामाला यावं. गड्ड्याची जत्रा, लग्न, कापणी, यांसाठी तारीख पुढे ढकलू नका.

बाळाला सर्दी किंवा किरकोळ ताप असेल तर परस्पर रद्द करू नका. आधी फोन करा. बाळ फारच आजारी असेल तर ते ज्या दवाखान्यात भरती आहे तिथेच तपासणी करता येते.

## टप्पा ७ : तपासणी प्रत्यक्षात कशी होते

आधी बाहुली मोठी करायचे थेंब. दर १०-१५ मिनिटांनी एक, असे दोन-तीन वेळा. यात पाऊण-एक तास जातो, त्यामुळे उशिरा पोहोचलात तर नंबर जाईल.

सिस्टरसाठी महत्त्वाचं: मोठ्या माणसांसाठी मिळणारे ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनाइलएफ्रिन ५ टक्के असे मिश्र थेंब या बाळांना तसेच घालू नयेत. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार कृत्रिम अश्रूंच्या थेंबांत निम्मे करून घ्यायचे, म्हणजे फिनाइलएफ्रिन अडीच टक्क्यांवर येतं. गालावर ओघळलेला थेंब लगेच कापसाने टिपा, तो कातडीतून आणि तोंडातून शरीरात जातो. जास्त थेंबांनी रक्तदाब वाढतो, पोट फुगतं.

सावधान: दोन-तीन वेळा घालूनही बाहुली मोठी होत नसेल तर आणखी थेंब ओतत राहू नका. बाहुली न उघडणं हे आजार जोरात असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना तसं सांगा.

मग डोळा बधिर करायचा थेंब. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, एक सिस्टर डोकं धरते. जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब किंवा आईचं दूध देतात, त्याने दुखणं कमी जाणवतं. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटी तारेची क्लिप लावतात. डॉक्टर डोक्यावर दिवा असलेलं यंत्र घालतात, हातात भिंग धरतात आणि एका बारीक बोथट सळईने डोळा हलकेच फिरवून पडद्याची कड बघतात. एका डोळ्याला दोन-तीन मिनिटं. काही ठिकाणी याऐवजी कॅमेरा डोळ्यावर टेकवून फोटो काढतात आणि ते दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. शेजारच्या कर्नाटकात खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत २००८ पासून असं काम चालू आहे.

आईला हे बघवत नाही. बाळ जोरात रडतं, क्लिप बघून छातीत धस्स होतं. बघवत नसेल तर बाहेर बसा, त्यात काही कमीपणा नाही. पण रडण्याला घाबरून अर्ध्यात थांबवू नका. क्लिपने जखम होत नाही. नंतर पापण्या थोड्या सुजतात, डोळा लालसर दिसतो, कधी पांढऱ्या भागात रक्ताचा लहान ठिपका येतो. तो आपोआप जातो.

तपासा: घरी आल्यावर दिवसभर लक्ष ठेवा. श्वास अडखळणं, निळसर होणं, दूध अजिबात न घेणं, पोट फुगणं, यांतलं काही दिसलं तर बाळरोगतज्ज्ञांकडे लगेच जा. थेंबांमुळे काही तास उजेड सहन होत नाही, उन्हात नेताना चेहरा झाका.

## टप्पा ८ : रिपोर्टवरच्या चार गोष्टी

रिपोर्ट इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात असतो. डॉक्टरांना या चार गोष्टी विचारा आणि स्वतःच्या वहीत मराठीत लिहून घ्या, दोन्ही डोळ्यांच्या वेगळ्या.

झोन. रक्तवाहिन्या कुठवर पोहोचल्या ते. झोन १ म्हणजे अगदी मध्यभाग, झोन ३ म्हणजे कड. इथे छोटा आकडा वाईट. बरेच पालक उलटं समजतात.

स्टेज. १ म्हणजे नुसती रेषा, २ म्हणजे ती रेषा शेताच्या बांधासारखी उंचावलेली, ३ म्हणजे तिच्यावर कच्च्या रक्तवाहिन्या उगवलेल्या, ४ म्हणजे पडदा काही भागात सुटलेला, ५ म्हणजे पूर्ण सुटलेला. इथे मोठा आकडा वाईट.

प्लस. मध्यभागातल्या रक्तवाहिन्या फुगून नागमोडी झाल्या आहेत का. 'प्लस आहे' म्हणजे आजार भडकलेला आहे.

पुढची तारीख. ही नसेल तर रिपोर्ट अपुरा.

याशिवाय 'अ‍ॅग्रेसिव्ह आरओपी' असा शेरा दिसला तर त्यात स्टेजच्या पायऱ्या मोजत बसायला वेळ नसतो, काही दिवसांत पडदा सुटू शकतो.

सगळ्यांत घातक गैरसमज 'आरओपी नाही' या शब्दांवरून होतो. पहिल्या तपासणीत आजार दिसला नाही, पण रक्तवाहिन्या अजून कडेला पोहोचलेल्या नाहीत, असं बऱ्याच बाळांत असतं. घरी मात्र निरोप जातो, "डोळे नॉर्मल आहेत." हे बाळ अजून धोक्यातच आहे. त्यामुळे प्रश्न असा विचारा: "रक्तवाहिन्या कडेपर्यंत पूर्ण वाढल्या का?" उत्तर 'नाही' असेल तर पुढची तारीख घ्यायचीच.

## टप्पा ९ : पुन्हा पुन्हा यायचं, आणि कधी थांबायचं

झोन १ मध्ये काहीही असेल किंवा स्टेज ३ असेल तर आठवड्याच्या आत. झोन २ मध्ये सौम्य आजार असेल किंवा वाढ अपुरी असेल तर एक ते दोन आठवड्यांनी. झोन ३ मध्ये असेल तर दोन ते तीन आठवड्यांनी. नेमका दिवस तुमचे डॉक्टर ठरवतील.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला घरं गळतात. दरवेळी रजा, दरवेळी भाडं, बाळाचं रडणं, आणि आजार तर डोळ्यांना दिसत नाही. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर रोजावर जाणाऱ्या घराला एक खाडा म्हणजे काय, हे मला सांगायला नको. तरीही हाच काळ पुढे रेटायचा आहे. खेपा कायमच्या नाहीत. बहुतेक बाळांच्या रक्तवाहिन्या भरल्या दिवसांच्या आसपास किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत कडेला पोहोचतात, आणि आजार झालेल्या बाळांतही बहुतेकांचा उपचाराविना ओसरतो.

थांबायचं ते फक्त डॉक्टरांनी 'रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्या' किंवा 'आजार पूर्ण ओसरला' असं लिहून दिल्यावर.

## टप्पा १० : उपचार सांगितला, तर

झोन १ मध्ये प्लस असेल, झोन १ मध्ये स्टेज ३ असेल, किंवा झोन २ मध्ये स्टेज २ वा ३ बरोबर प्लस असेल, तर उपचार ४८ ते ७२ तासांत व्हायला हवा. अ‍ॅग्रेसिव्ह प्रकारात त्याहून लवकर. "अमावस्या होऊन जाऊ दे", "घरच्यांशी बोलून आठवड्याने कळवतो", "दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतो" यांपैकी शेवटचंच रास्त आहे, आणि तेही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या.

तेवढ्या वेळात हे या क्रमाने करा:

१. उपचार इथेच होणार की पुण्याला किंवा हैदराबादला पाठवणार, ते ताबडतोब विचारा. पाठवत असतील तर तिथल्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांनी स्वतः फोनवर बोलून बाळाची वेळ ठरवावी, अशी विनंती करा. नुसती चिठ्ठी घेऊन अडीचशे-तीनशे किलोमीटर जाऊ नका.

२. बाळरोगतज्ज्ञांकडून बाळाची तब्येत तपासून घ्या: हिमोग्लोबिन, श्वास, वजन. उपचाराच्या वेळी आणि नंतर रात्रभर एनआयसीयूची सोय जवळ असावी.

३. पैशांसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार तिथे बसतो का, ते विचारा. रेशन कार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्माचा दाखला आजच काढून ठेवा.

४. उपचार कोणता आणि का, ते विचारा.

उपचार मुख्यतः दोन. लेझरमध्ये पडद्याचा रक्तवाहिन्या न पोहोचलेला कडेचा भाग भाजून निकामी करतात, म्हणजे तो नव्या वाहिन्या मागवणं थांबवतो. मधली नजर वाचवायला कड सोडून द्यायची, असा हा हिशेब आहे. वेळ तासभर किंवा जास्त लागतो, भूल किंवा झोपेचं औषध लागू शकतं. पुढे बाजूचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं आणि मायनसचा नंबर लागू शकतो. आठवड्याभरात पुन्हा तपासणी, आणि कुठे जागा राहिली असेल तर पुन्हा लेझर.

इंजेक्शन डोळ्याच्या आत देतात. काही मिनिटांचं काम, परिणाम काही दिवसांत दिसतो. झोन १ आणि अ‍ॅग्रेसिव्ह प्रकारात त्याचा मोठा उपयोग आहे. पण त्याचा परिणाम उतरल्यावर आजार आठवड्यांनी, महिन्यांनी परत येऊ शकतो.

सावधान: इंजेक्शननंतर डोळा छान दिसतो म्हणून लोक यायचं थांबतात, आणि आजार मागून परततो. गर्भाचे आठवडे धरून ६५ आठवड्यांच्या वयापर्यंत लक्ष ठेवावं लागतं. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळासाठी याचा अर्थ जवळजवळ आठ महिन्यांचं होईपर्यंत. एवढ्या खेपा तुम्हाला खरोखर जमणार नसतील तर ते उपचार ठरायच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लेझर की इंजेक्शन, हे ठरवताना त्यांना ही माहिती लागते. इंजेक्शन दिलंच तर औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख कार्डावर लिहून घ्या.

तपासा: उपचारानंतर थोडी सूज चालते. डोळ्यातून पू येणं, पापणी फार सुजणं, बुबुळ धुरकट दिसणं, हे पहिल्या आठवड्यात दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पडदा सुटला असेल, म्हणजे स्टेज ४ किंवा ५, तर मोठी शस्त्रक्रिया लागते. स्टेज ४ मध्ये, त्यातही पडद्याचा मध्य अजून चिकटलेला असेल तर, वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेने चांगली नजर राहू शकते. पाचव्या स्टेजला आशा फार कमी असते. बाहुलीत पांढरं दिसायला लागलं की आजार बहुधा त्या टोकाला गेलेला असतो, म्हणून पांढरं दिसण्याची वाट बघायची नाही.

## टप्पा ११ : पुढची वर्षं

आरओपी झाला असो वा नसो, कमी दिवसांच्या मुलांत चष्म्याचा नंबर, तिरळेपणा आणि एक डोळा मंद राहणं जास्त आढळतं. पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी, नंतर शाळेत जाईपर्यंत सहा महिन्यांनी किंवा वर्षाने डोळे दाखवा. वर्षाच्या बाळाला चष्मा सांगितला तर घाला. "एवढ्याशा पोराला चष्मा" म्हणून तो कपाटात ठेवला तर डोळा मंदच राहतो, आणि सात-आठ वर्षांनंतर ते भरून काढणं फार अवघड जातं.

दोन-तीन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघतं का, हललेल्या वस्तूमागे नजर नेतं का, ते बघत राहा. बाळ जितके आठवडे आधी जन्मलं तितके आठवडे वजा करून वय धरा, नाहीतर उगीच घाबराल.

लेझर किंवा इंजेक्शन झालेल्या मुलांचा पडदा मोठेपणीही तपासायला लागतो, कारण तो वर्षांनंतर फाटू किंवा सुटू शकतो. म्हणून जुनी फाइल रद्दीत घालू नका. तिचे फोटो काढून आई, वडील आणि मामा अशा तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि मूल कोणत्याही नव्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं की आधी ती दाखवा.